नांवाची मालकी

मनुष्याच्या घरावर व शेतावर त्याची मालकी असते, हें लहान मुलासही कळतें. परंतु त्याच्या नांवावर त्याची मालकी असते काय? अमेरिकेंतील अनेक राज्यांत प्रसिद्ध व्यक्तीचें नांव किंवा छबी तिच्या संमतीवांचून माल खपविण्यासाठीं वापरतां येत नाहीं. साबणाच्या वेष्टनापुरता हा नियम सोपा आहे. पण तेंच नांव गीतांत आलें तर? कवीनें थोरांचीं नांवें परवानगीवांचून घेऊंच नयेत असें ठरविलें, तर आपल्या शाहिरांचा डफ मुका व्हावयाचा!

अलाबामा राज्यांतील माँटगोमेरी शहरीं १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनीं बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठीं सोडण्याचें नाकारिलें. त्यांना अटक झाली, आणि तेथील कृष्णवर्णीयांनीं ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. पुढें १९९८ सालीं 'आउटकास्ट' या गायकद्वयानें आपल्या एका गीतास 'रोझा पार्क्स' असें शीर्षक दिलें. चमत्कार असा कीं, गीतांत हें नांव एकदांही येत नाहीं. ध्रुपदांत बसच्या मागील भागाचा उल्लेख आहे खरा, पण तो प्रतिस्पर्धी गायकांस हिणविण्यासाठीं. बाईंनीं १९९९ सालीं दावा लाविला.

खालच्या न्यायालयानें तो काढून टाकिला. परंतु २००३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांतील मुख्य प्रश्न पुन्हां खुला केला. त्याची कसोटी विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्याजोगी आहे. कलाकृतीचें शीर्षक तिच्या आशयाशीं संबद्ध असेल व लोकांस उघड फसवीत नसेल, तर कायदा आड येत नाहीं. मात्र तें नांव केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठीं चिकटविलें असेल, तर कलेचें स्वातंत्र्य पुढें करून सुटतां येत नाहीं. न्यायाधीशांनीं मार्मिकपणें सुचविलें कीं, 'बसचा मागील भाग' असें शीर्षक गीतास शोभलें असतें. पण त्यास बाईंच्या नांवाइतकी बाजारांत किंमत आली नसती. आमच्या मतें खरी मेख येथेंच आहे. थोरांचें नांव घेणें निराळें, आणि त्यांच्या पुण्याईवर दुकान मांडणें निराळें.

पंचांपुढें हा खटला कधीं गेलाच नाहीं. २००५ च्या एप्रिलमध्यें तडजोड झाली. गायकांनीं व कंपन्यांनीं दोष कबूल केला नाहीं. मात्र बाईंच्या चरित्राची ओळख मुलांस करून देण्याच्या कार्यास हातभार लावण्याचें मान्य केलें. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, रोझाबाई निवर्तल्या.