पाय पुढे करणारा शिष्य

गुड फ्रायडेच्या आदल्या सायंकाळी कॅथॉलिक चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला; त्या बारा जणांत दोन मुलीही होत्या. वाकणाऱ्याच्या विनम्रतेचे आपण कौतुक करतो. पाय पुढे करणाऱ्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

प्रभू येशू पाय धुऊ लागले, तेव्हा पेत्राने साफ नकार दिला. वरवर हा गुरूविषयीचा आदर. आम्हांस मात्र त्यात सूक्ष्म अहंकार दिसतो. दुसऱ्याने धुवावे इतके आपण मळलो आहोत, हे का कोणास सहज मान्य होते? त्याच रात्री पेत्राने गुरूसाठी प्राण देण्याची भाषा केली आणि कोंबडा आरवण्यापूर्वी त्यांना तीनदा नाकारले. तेही विस्तवापाशी शेकत असता! मग तो बाहेर जाऊन रडला.

पश्चात्ताप यहूदालाही झाला. चांदीची तीस नाणी मंदिरात फेकून तो एकटाच निघून गेला. आपला न्याय त्याने आपणच केला. पेत्र मात्र भंगलेल्या मनाने शिष्यांतच राहिला.

पुढे तिबिर्य सरोवराच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटला होता. पुनरुत्थित प्रभूंनी त्याला त्याच्या प्रीतीविषयी तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी तो व्यथित झाला; परंतु या खेपेस त्याने शपथ वाहिली नाही. आपले अंतःकरण प्रभूच जाणतात, एवढेच तो बोलला.