पाप तिचे नव्हतेच, मग क्षमा कशाची?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की वाटेत पाली लागते. जवळच बिंदुसरेचे धरण आहे. दसरा-दिवाळी सरली की या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल दोघांच्या कष्टावर घेतली जाते, पण पैसा नवऱ्याच्या हातात पडतो. बाईला कणकण असो, पाळी असो की पोटात बाळ असो, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. खाडा केला तर दंड कापला जातो. थळातल्या कोपीत ना आडोसा, ना न्हाणी. रात्री नवरा पिऊन आला तर मार ठरलेला.

ही बाई सहा महिन्यांनी गावी परतते तेव्हा तिचे शरीर मोडलेले असते आणि मन त्याहून अधिक मोडलेले असते. तिला झोप लागत नाही, छातीत धडधडते, एकटीच बडबडते, कधी किंचाळून उठते. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले. आधी देवऋषी होतो, अंगारा होतो, कोंबडे होते. कशानेच उतार पडला नाही की एखादी शेजारीण कानात सांगते, ‘बाई, शुक्रवारच्या प्रार्थनेला चल. येशूच्या नावाने माझे दुखणे गेले.’ आणि ती जाते.

तिथे काय घडते ते आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. पत्र्याच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असते. पास्टर येण्याआधी दोन-चार बाया तिला जवळ बसवतात, तिचे नाव विचारतात, पाठीवरून हात फिरवतात. ती रडते तेव्हा तिला कोणी गप्प करत नाही. नंतर तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना होते. भरल्या माणसांत तिचे नाव घेतले जाते आणि तिचे दुःख देवापुढे ठेवण्याच्या लायकीचे ठरते. पुढे कधीतरी ती स्वतः उभी राहून ‘साक्ष’ देते. ज्या बाईला घरात, थळात, ग्रामपंचायतीत कोणी कधी बोलू दिले नाही, ती आयुष्यात पहिल्यांदा चाळीस माणसांसमोर आपली कहाणी सांगते. तिला बरे वाटते हे खोटे नाही. मनावरचे ओझे बोलण्याने हलके होते, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल.

आपण मात्र लगेच तिला हसतो. ‘बाटली’ असे म्हणून मोकळे होतो. धर्मरक्षणाच्या नावाने काठ्या घेऊन फिरणाऱ्यांची भाषा बाबासाहेबांच्या अनुयायांच्या तोंडी शोभत नाही. धर्म बदलण्याचा हक्क आपणच १९५६ साली नागपुरात बजावला आहे. त्यामुळे ती तिकडे का गेली, हा आपला प्रश्न असू शकत नाही. आपला प्रश्न असा की तिथे तिला जे मिळाले त्यात खरे औषध किती आणि नवी बेडी किती?

यासाठी थोडे मागे जावे लागेल. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी बाईची कथा आहे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचे पाणी पीत नसत. भर दुपारी विहिरीवर एकटीच पाणी भरायला आलेल्या अशा एका बाईकडे येशू पाणी मागतो. तिने पाच नवरे पाहिलेले असतात, सहाव्याबरोबर ती राहत असते. येशू तिच्याशी बोलत बसतो आणि त्याचे शिष्यही चकित होतात. महाडचे चवदार तळे ज्यांच्या रक्तात आहे त्यांना या कथेचे मोल वेगळे सांगायला नको. पाणी आणि विटाळ यांचा संबंध आपल्याइतका कोणाला कळणार?

याच कथेने पंडिता रमाबाईंचे आयुष्य वळवले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून फेकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जात होते. तुम्हाला हे कोण करायला लावते, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा त्या भगिनींनी शोमरोनी बाईची कथा पुढे ठेवली. ज्या धर्मशास्त्रांचा रमाबाईंनी अभ्यास केला होता, त्यांत अशा स्त्रीसाठी दंड होता, दया नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याचा सनातनी वर्ग खवळला. तेव्हा महात्मा जोतिराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली, हा इतिहास आपण विसरता कामा नये.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यात आले. सुरुवातीला ते उच्चवर्णीय विधवांसाठीच होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण १८९६-९७ च्या दुष्काळाने रमाबाईंना जातीची कुंपणे ओलांडायला लावली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर मरायला टाकलेल्या, दलालांच्या तावडीत सापडणाऱ्या शेकडो मुली-बाया पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. ‘मुक्ती’ उभी राहिली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी तिथेच कृपासदन निघाले.

केडगावच्या मुक्तीत प्रार्थना होतीच. १९०५ साली तिथे मोठे धार्मिक जागरण झाले. मुली रात्र-रात्र रडत, पापांची कबुली देत प्रार्थना करीत. पण केडगावची बाई उभी राहिली ती नुसत्या रडण्याने नव्हे. तिला तिथे दोन वेळचे अन्न, डोक्यावर छप्पर, अक्षर आणि हातात धंदा मिळाला. माग होते, शेती होती, गुरे होती, छापखाना होता. रमाबाईंच्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळवणारे हात याच मुलींचे होते. दुष्काळात मरायला टाकलेली पोर ग्रंथाची छपाई करते, याला उद्धार म्हणायचे. धर्म कोणताही असो, ही कसोटी लावल्याशिवाय ‘मुक्ती’ हा शब्द कोणाला वापरू देऊ नये.

आणि रमाबाईंच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. पश्चात्तापाची अट नव्हती, धर्म बदलण्याची अट नव्हती. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या जोडप्याने दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. फुल्यांनी त्या बाईला पापी म्हटले नाही. पाप ज्याचे होते तो पुरुष पुण्याच्या वाड्यात उजळ माथ्याने बसला होता, हे त्यांना ठाऊक होते.

आता दुसरी बाजू पाहू. मग्दालिया मरिया ही येशूची जवळची अनुयायी. तिच्यातून सात भुते निघाली, एवढेच शुभवर्तमान सांगते. म्हणजे ती त्रासलेली, आजारी बाई होती. ती वेश्या होती असे कुठेही लिहिलेले नाही. पण इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला दुसऱ्याच एका पापी स्त्रीशी जोडून टाकले आणि पुढे जवळपास चौदाशे वर्षे जग तिला पतिता म्हणत राहिले. कॅथलिक चर्चने आपल्या पंचांगात ही चूक दुरुस्त केली ती १९६९ साली. दुःखी बाईला पापी ठरवायला एक प्रवचन पुरते, तो डाग पुसायला शतके लागतात.

याच मरियेच्या नावाने आयर्लंडमध्ये ‘मॅग्डालीन लाँड्री’ चालल्या. लग्नाआधी आई झालेल्या, बलात्कार झालेल्या, नुसत्या अनाथ असलेल्या मुलींनाही तिथे कोंडले जाई. पापाचे प्रायश्चित्त म्हणून त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुवून घेतले जात. १९२२ नंतरच्या काळात सुमारे दहा हजार स्त्रिया या भिंतींआड गेल्या. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली आणि २०१३ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत जाहीर माफी मागितली. येशू तोच, बायबल तेच. केडगावात बाईच्या हाती खिळे आले आणि आयर्लंडमध्ये तिच्या हाताला फोड आले. फरक पडला तो बाईकडे माणूस म्हणून पाहिले की गुन्हेगार म्हणून, यावर.

म्हणून आपल्या गावातल्या शुक्रवारच्या प्रार्थनेला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. नवऱ्याने डोके फोडलेल्या बाईला तुम्ही ‘तुझ्या पापांची क्षमा माग’ असे सांगता, तेव्हा नवऱ्याला काय सांगता? ‘सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल’ असे सांगून तिला त्याच घरात परत पाठवता, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन जाता? तेल लावून गोळ्या बंद करायला सांगता की डॉक्टरकडे नेता? भूत काढण्याच्या नावाने बाईला मारणे, कोंडणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो देवऋष्याला लागू आहे, बाबाला लागू आहे, मौलवीला लागू आहे आणि पास्टरलाही लागू आहे.

बीड जिल्ह्यात तर हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, असे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जो आकडा आला तो हादरवणारा होता. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीचा खाडा नको आणि दुखणे परवडत नाही म्हणून ऐन उमेदीत पिशवी काढून टाकलेल्या या बाया आहेत. त्यानंतर त्यांना कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, मन सैरभैर होते. याला सैतान म्हणायचे? इथे सैतान असेलच तर तो उचलीच्या व्यवहारात आहे, पोटदुखी घेऊन आलेल्या बाईला सरळ टेबलावर घेणाऱ्या दवाखान्यात आहे. यात तिचे पाप कोणते? आणि पापच नसेल तर क्षमा कशाची?

याच पालीत ‘इन्फंट इंडिया’ या संस्थेने एच.आय.व्ही.बाधित मुलांचे घर उभे केले आहे. नातेवाइकांनी नाकारलेली लेकरे तिथे वाढतात. त्या लेकरांना कोणी विचारत नाही, हे कोणाच्या पापाचे फळ? त्यांना औषध, जेवण, शाळा आणि माया मिळते. दुखण्याला दुखणे म्हणणे आणि माणसाला माणूस म्हणणे, उपचार इथूनच सुरू होतो. लेकरांच्या बाबतीत आपल्याला जे कळते ते त्यांच्या आयांच्या बाबतीत का कळू नये?

आपल्याकडे तर अडीच हजार वर्षांचा वारसा आहे. मेलेले लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी चमत्काराचे आश्वासन दिले नाही. जिथे कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगितले. दारोदार फिरताना तिला आपले दुःख सगळ्यांचे आहे हे उमगले. नवरा, दोन्ही मुले, आईबाप गमावून वेडी झालेली, अंगावर वस्त्राचे भान नसलेली पटाचारा आली तेव्हा लोक तिला हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, भगिनी म्हटले, भानावर ये म्हटले. पुढे तीच पटाचारा मुले गमावलेल्या कितीतरी स्त्रियांचा आधार झाली. थेरीगाथा अशा बायकांच्या बोलांनी भरलेली आहे, आणि त्या साक्षीला पापाच्या कबुलीची अट नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी प्रकृती या चांडाळकन्येच्या धम्मदीक्षेला मुद्दाम जागा दिली आहे.

बाबासाहेब स्वतःही या बायकांपुढे गेले. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांची सभा झाली. बाबासाहेबांचे शब्द त्या दिवशी कठोर होते. आज ते वाचताना काहींना टोचतात. पण ते त्या बायकांशी समोरासमोर बोलले. देवापुढे गुडघे टेका असे त्यांनी सांगितले नाही. हा धंदा सोडा आणि आमच्याबरोबर मानाने जगा, असे सांगितले. ‘आमच्याबरोबर’ या शब्दाला वजन आहे. सोबत येणाऱ्या बाईला समाजाने जागा द्यायची जबाबदारी त्यात आली.

ती जबाबदारी आपण पार पाडली का? आपल्या गावातल्या विहारात शेवटची अशी बाई कधी आली? आली तर तिला बसवून कोणी ऐकले का? विहाराचे कुलूप जयंतीला आणि वर्षावासाला उघडायचे, कमिटीच्या भांडणात वर्गणीचा हिशेब करायचा आणि बाई प्रार्थनेला गेली म्हणून बोटे मोडायची, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे.

प्रत्येक विहारात आठवड्यातला एक दिवस फक्त बायकांच्या बोलण्यासाठी ठेवा. उपासिकांपैकी दोघी-तिघींनी ऐकण्याची तयारी करावी. वस्तीतल्या आशाताईला बोलवा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापर्यंत बाईसोबत जायला माणूस द्या. मार खाणाऱ्या बाईसाठी अर्ज लिहिणारा वकील चळवळीतूनच शोधा. ऊसतोडीहून परतलेल्या प्रत्येक बाईची तपासणी झाली की नाही, हे उन्हाळ्यात वस्तीवार विचारा. यातले एकही काम पैशावाचून अडणारे नाही.

एवढे करूनही एखादी भगिनी येशूपाशीच राहिली तर राहू द्या. तिच्या श्रद्धेशी आपले भांडण नाही. मात्र तिच्यावर अन्याय करणारा मोकळा सुटला आणि तीच आयुष्यभर क्षमा मागत राहिली, तर त्याचा जाब पास्टरला विचारण्याआधी आपल्याला स्वतःला विचारावा लागेल.