पद्मिनीच्या दाराआड

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येते. इथला उन्हाळा माणसाला सोसवत नाही, तिथे उघड्यावर उभ्या जुन्या गाडीची काय कथा! रेग्झिन कडक होतं, शिवणीवर फाटतं आणि दाराचा पॅड पापडासारखा वाकतो.

ही जुनी गाडी पद्मिनी असेल तर सोलापूरकरांना तिच्याविषयी थोडा हक्कानं जिव्हाळा वाटायला हरकत नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 साली उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचेच, जन्म 1882 चा. त्यांच्या पश्चात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट निघाली, आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती 2023 पर्यंत रस्त्यावर होती.

जुनी गाडी नव्यानं उभी करणारे हौशी लोक इंजिनावर, रंगावर, क्रोमवर पैसा ओततात. दाराचा पॅड म्हणजे काय, पुठ्ठा आणि रेग्झिन. कुशनवाल्याकडे टाकला की झालं, असा हिशेब. माझ्या मते गाडीची खरी परीक्षा इथेच होते.

काच खाली जाते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते अडवायचं नसतं, वाट करून द्यायची असते. दाराच्या तळाशी त्यासाठी भोकं असतात. ती चिखलानं बुजली की पत्रा आतून गंजतो. पॅड आणि पत्र्याच्या मध्ये एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पॅड उचकटताना तो फाटतो आणि बहुतेक ठिकाणी परत लावलाच जात नाही, कारण दिसतो कुणाला? पहिल्या पावसात नवा पुठ्ठा ओल धरून फुगतो. मग दोष रेग्झिनला!

चांगला कारागीर जुना पॅड फेकत नाही. कितीही कुजला असला तरी नव्या हार्डबोर्डवर ठेवून त्याच्यावरूनच भोकं आखतो. क्लिपचं भोक दोन मिलिमीटर सरकलं तरी ती पत्र्यात बसत नाही, आणि ठोकून बसवली तर मोडते. पातळ फोम, वर रेग्झिन, कडा मागे ओढून डिंक. कोपऱ्यावर कापड कातरून घ्यायचं, नाहीतर घडी जाड होते आणि दार लागताना घासतं.

काच फिरवायचं हँडल सर्वांत शेवटी. काही गाड्यांत ते आडव्या पिनेवर असतं, काहींत नालेच्या आकाराच्या क्लिपवर. मागची चकती दाबून धरल्याशिवाय पिन दिसत नाही. हे ठाऊक नसलेले लोक पेचकस घालून रेग्झिन फाडतात. बसवताना काच पूर्ण वर घ्यायची आणि समोरच्या दाराचं हँडल ज्या कोनात आहे त्याच कोनात हे लावायचं.

एवढं करूनही खडबडीत रस्त्यावर दार खडखडलं, तर पॅडला बोल लावू नये. काचेच्या पन्हाळीतलं फेल्ट झिजलेलं असतं, आणि ते पॅड बसवायच्या आधी बदलायला हवं होतं.