जुनी पोर्श, एक वळण आणि उजवा पाय

मोटारवेड्यांच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गाड्या खऱ्या जुन्याच, नव्या काय, कॉम्प्युटर चालवतो!" बोलायला ठीक आहे. पण तो कॉम्प्युटर नसताना काय व्हायचं ते पोर्श ९११ टर्बोवरून बघू. ही गाडी १९७५ साली आली. ३ लिटरचं इंजिन, २६० हॉर्सपॉवर, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. टोपणनाव पडलं 'विडोमेकर'.

इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, म्हणजे निम्म्याहून बरंच जास्त वजन शेपटाकडे. वळणावर हे शेपूट बाहेर जायला बघतं आणि त्याला धरून ठेवतात फक्त मागचे टायर. आता समजा वळणात शिरल्यावर वाटलं, स्पीड जरा जास्तच झाला. आपण काय करणार? पाय उचलणार. इथेच फसगत होते. पाय उचलला की गाडी मंदावते, वजन पुढच्या चाकांवर जातं, मागचे टायर हलके होतात, त्यांची पकड कमी होते, आणि शेपूट सुटतं. घाबरून केलेली नेमकी तीच गोष्ट गाडी फिरवते. टर्बोने त्यात भर घातली. पेडल दाबलं की आधी काहीच नाही (एक्झॉस्टने टर्बाइन फिरायला वेळ लागतो), म्हणून माणूस आणखी दाबतो, आणि सगळी ताकद ऐन वळणात एकदम येते. कंपनीला मागच्या वजनाची कल्पना होतीच. सुरुवातीच्या काही ९११ च्या पुढच्या बंपरमध्ये चक्क वजनं बसवली होती, आणि १९६८ मध्ये व्हीलबेस ५७ मिलिमीटरने वाढवला.

हे झालं नव्या गाडीचं. आज तीच गाडी पन्नाशीची झाली आहे. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश, ओलं झाल्यावर १५५. घाटात ब्रेक तापले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. स्पीड १०० वरून १४० केला तर गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सगळी त्याच ब्रेकनी जिरवायची!

माझ्या मते सगळ्यात फसवा भाग टायर. अशी गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते, पण आतलं रबर कडक झालेलं असतं. पॉल वॉकर २०१३ मध्ये गेला ती कॅरेरा जीटी काही क्लासिक नव्हती, २००५ चं मॉडेल. पण तपासात मुख्य कारण वेग निघालं, ताशी १३० ते १५० किलोमीटर, आणि टायर नऊ वर्षांचे.

टायरचं वय कळायला मेकॅनिक लागत नाही. साइडवॉलवर शेवटी चार आकडे असतात. ३७०४ म्हणजे २००४ चा सदतिसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला. पार्किंगमधल्या आपल्या बाइकवरही हे आकडे सापडतील, जाता जाता वाकून बघा.