घाटातील हवा आणि चाकातील हवा

पोलादपूरला मुंबई–गोवा रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. एखादा मालट्रक थांबतो. क्लीनर खाली उतरतो आणि लोखंडी कांबीने प्रत्येक चाकावर ठोका मारत गाडीभोवती फिरतो. भरलेले चाक टणक वाजते, हवा कमी असलेले बद्द वाजते. पुढे सरळ गेले तर कशेडी, डावीकडे वळले तर आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. घाटाआधी चाकांची चौकशी हवीच.

हीच चौकशी आता चाकात बसवलेला सेन्सर करतो. व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला बसवलेले हे छोटे यंत्र हवेचा दाब व तापमान मोजते आणि रेडिओलहरींनी चालकाला कळवते. काही मोटारींत मात्र असा सेन्सर नसतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते व इतरांपेक्षा जास्त फेरे घेते; त्यावरून गणकयंत्र अंदाज बांधते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर हा अंदाज फसू शकतो.

पण दाब कळला म्हणजे सारे कळले का? एक उदाहरण घेऊ.

सकाळी महाडला तापमान २७ अंश सेल्सिअस आहे. चाकात ३२ पौंड हवा भरली. म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड. हा दाबमापकाचा आकडा वातावरणाच्या दाबाहून जास्त असलेला दाब दाखवतो. वातावरणाचे १४.७ पौंड मिळवले की खरा दाब ४६.७ होतो. गाडी पळून चाकातील हवा ६० अंशांपर्यंत तापली. आकारमान जवळजवळ तेच राहते, म्हणून दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. ३०० केल्व्हिनचे ३३३ केल्व्हिन झाले, तेव्हा ४६.७ चे ५१.८ होतात. वातावरणाचा दाब वजा केला की मापकावर ३७ दिसतात.

इथेच पुष्कळ जण चुकतात. "हवा जास्त झाली, टायर फुटेल," म्हणून ५ पौंड हवा सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गार चाकात किती उरते? गणित करून पाहा: जेमतेम २७.४ पौंड! कमी हवेच्या चाकाची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकून सरळ होताना रबरात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने उरते. म्हणजे चाक गार करायला हवा सोडली आणि चाक अधिकच तापू लागले. अति तापलेल्या टायरचे थर सुटू शकतात. तापल्यामुळे वाढलेला दाब टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेला असतो.

सेन्सरचा दिवा ही चूक दाखवील का? अमेरिकेत २००७ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे. दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के उतरला की दिवा लागावा, असा तिथला नियम. ३२ चे २५ टक्के कमी म्हणजे २४. आपली गाडी २७.४ वर आहे, म्हणून असा दिवा गप्पच राहील! आकडा दाखवणारी यंत्रणा असेल तर मात्र चूक दिसेल. पण तो आकडा गार चाकाचा की तापलेल्या, हे वाचणाऱ्याला समजले पाहिजे.

आता घाट चढू. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे वातावरणाचा दाब १२.५ पौंडांच्या आसपास असतो, म्हणून मापकाचा आकडा दोन पौंडांनी वाढायला हवा. पण तिथली हवाही गार! पोलादपूरला ३० अंश व वर २१ अंश धरले, तर उभ्या गाडीच्या चाकात ३२ ऐवजी ३२.८ दिसतील. दोन परिणामांनी एकमेकांना जवळजवळ खोडून काढले.

उतरताना खरी परीक्षा. १,२०० किलोग्रॅमची मोटार १,३०० मीटर खाली येते, तेव्हा सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने ५० लिटर पाणी उकळीला येईल! खालच्या गिअरमध्ये उतरले तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते. नुसता ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतात, आणि त्यांच्या शेजारची चाकेही.

शर्यतीच्या मैदानावर, उदाहरणार्थ चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे, चालक काही फेऱ्या मारून तापलेल्या चाकातली हवा मुद्दाम सोडतात. त्यांना पकड हवी असते ती तापलेल्या स्थितीतच. मात्र घरी निघण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते. तिथे साधा, चांगला दाबमापकही काम भागवतो. बहुतेक सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी थांबून थांबून संदेश देतात. वळणागणिक होणारा बदल त्यांत दिसत नाही.

मग सेन्सर घ्यावा का? हळूहळू हवा सोडणारे पंक्चर तो चालत्या गाडीत दाखवतो. हे काम कांबीला जमत नाही. शिवाय २०२० च्या नियमानुसार ट्यूब नसलेले टायर, दुरुस्तीचे साहित्य व अशी यंत्रणा असलेल्या लहान मोटारीत स्टेपनी सक्तीची नाही. अशा गाडीत तर तो हवाच. पण सकाळी गार चाकात हवा मोजण्याची सवय त्याहून आधीची.

एक प्रयोग करा. घरच्या मोठ्यांच्या किंवा सरांच्या मोटारसायकलची हवा सकाळी निघण्यापूर्वी मोजा आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेरीनंतर लगेच पुन्हा मोजा. दोन आकड्यांवरून चाकातील हवा किती तापली, ते काढा. मात्र १४.७ मिळवायला विसरू नका!