चालकाचा वाटखर्च आणि प्राप्तिकर

धुळे, नागपूर अशी शहरे मागे टाकीत पूर्वेकडे जाणारा, पूर्वी ६ व आता ५३ या क्रमांकाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग रायपूरला येतो. सिलतरा आणि उरला येथील कारखान्यांचे लोखंड घेऊन मालमोटारी येथून अहोरात्र बाहेर पडतात. ब्राह्मणपारा या रायपूरच्या जुन्या वस्तीतून एखादा चालक अशा मोटारीवर निघाला, की चार-सहा दिवस त्याचे जेवण, स्नान आणि झोप ढाब्याच्या आश्रयाने होते. या खर्चासाठी मालक त्याला जो भत्ता देतो, त्याला मालवाहतुकीच्या धंद्यात खुराकी म्हणतात. ही रक्कम चालकाचे उत्पन्न मानावी काय? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. डिझेल व टोल यांसाठी दिलेली उचल ही मालकाचीच रक्कम होय. चालक केवळ तिचा हिशेब देतो, म्हणून ती त्याचे उत्पन्न नव्हे. खुराकीची गोष्ट वेगळी आहे. ती चालकाच्या स्वतःच्या निर्वाहासाठी खर्च होते.

१९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने कलम १०(१४) आणि त्याखालील नियम २-बीबी यांत अशा भत्त्यांचे दोन प्रकार केले होते. नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर असताना मिळणारा दैनिक भत्ता प्रत्यक्ष खर्चाइतका करमुक्त होता. परंतु ज्याच्या कामाचे ठिकाणच चालती मोटार आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी दुसरी तरतूद होती. वाहतूक व्यवस्थेतील कर्मचाऱ्याला वाहन चालू असतानाच्या वैयक्तिक खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्याचा ७० टक्के भाग करमुक्त धरला जाई. मात्र सप्टेंबर २००८ पासून ही सूट महिन्याला १०,००० रुपयांपुरती मर्यादित होती, आणि दैनिक भत्ता घेणाऱ्याला ती मिळत नसे. कमी दरांची नवी करप्रणाली पत्करणाऱ्यालाही या सूटीचा लाभ नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा अधिनियम लागू असल्यामुळे मर्यादेचा आकडा त्या त्या वर्षाच्या नियमांतच पाहावा.

एक उदाहरण घेऊ. चालकाला महिना १८,००० रुपये पगार व १२,००० रुपये भत्ता मिळतो. भत्त्याचे ७० टक्के म्हणजे ८,४०० रुपये वगळले, की करपात्र रक्कम २१,६०० रुपये राहते. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत येते आणि कर शून्य होतो. नव्या प्रणालीत सगळे ३,६०,००० रुपये मोजले, तरी २०२५-२६ या वर्षी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर नव्हताच. म्हणजे सामान्य चालकाच्या कराच्या दृष्टीने भत्त्याच्या नावाने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो अन्यत्र. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि अपघाताची भरपाई यांचे गणित ‘वेतना’वर चालते, आणि कामाच्या स्वरूपामुळे होणारा विशेष खर्च भागविण्यासाठी दिलेली रक्कम वेतनात मोडत नाही. एखाद्या मालकाने १२,००० रुपये पगार व १८,००० रुपये भत्ता अशी वाटणी केली, तर चालकाच्या हाती ३०,००० रुपयेच पडतात, पण त्याचे वेतन फार थोडे ठरते. यावर संहितेने बंधन घातले आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. या उदाहरणात ३,००० रुपये मिळून वेतन १५,००० होते. तरीही उरलेले १५,००० रुपये हिशेबाबाहेरच राहतात. रस्त्यावर दुर्दैवाने मृत्यू ओढवला, तर भरपाईसाठी हाच हिशेब पुढे येतो, आणि घरच्यांना त्या वेळी कळते की मिळकतीचा अर्धा भाग कागदावर मिळकत नव्हताच.

अमेरिकेतही हाच पेच आढळतो. तेथे वाहतूक कर्मचाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत प्रवासात दिवसाला ८० डॉलरचा दर ठरला. कंपनीने नियमांप्रमाणे दिलेला असा भत्ता करपात्र नसतो, पण त्यामुळे कागदावरील वेतन उतरते आणि वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा पायाही आकुंचन पावतो.

स्वतःची मोटार स्वतः हाकणाऱ्याची स्थिती निराळी असते. १९६१ च्या अधिनियमातील कलम ४४-एई प्रमाणे दहापर्यंत मालमोटारी असणाऱ्याचे उत्पन्न अंदाजाने धरता येई. १२ टनांहून अधिक एकूण वजनाच्या मोटारीला दर टनामागे दरमहा १,००० रुपये असा तो अंदाज होता. २८ टनांच्या मोटारीचे वर्षाचे उत्पन्न त्यामुळे ३,३६,००० रुपये ठरे. त्यात सारे खर्च आधीच गृहीत असल्यामुळे ढाब्यावरील जेवण वेगळे वजा करता येत नसे.

तेव्हा चालकाने पगार ठरविताना एकूण रकमेबरोबरच तिची विभागणीही विचारून घ्यावी, पगारपत्रक लेखी मागावे आणि फेरीचा हिशेब जपून ठेवावा. वाटखर्च हा वाटेवरच संपतो. वेतन मात्र म्हातारपणी आणि संकटात उपयोगी पडते.