इन्सुलिनचे पेन : वापर सोपा, पण रीत नेमकी हवी

"इन्सुलिन नियमित घेतो, तरी साखर काही उतरत नाही", अशी तक्रार आपल्या धर्मग्रामांतील अनेक मधुमेही बंधुभगिनी करतात. मग डॉक्टर मात्रा वाढवतात, काही दिवसांनी पुन्हा वाढवतात आणि एके दिवशी साखर एकाएकी इतकी उतरते की घरच्यांची धावपळ उडते. अशा वेळी दोष औषधाचा किंवा आहाराचा असेलच असे नाही. पुष्कळदा कागदावर लिहिलेली मात्रा आणि प्रत्यक्ष शरीरात गेलेली मात्रा यांत फरक पडलेला असतो. यास्तव इन्सुलिनचे पेन वापरण्याची रीत थोड्या विस्ताराने समजून घेणे इष्ट ठरेल.

इन्सुलिन माणसाला प्रथम टोचण्यात आले ते ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातील टोरांटो येथे, लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला. त्यानंतर सहा दशके रुग्णांना कुपी आणि सिरिंज यांवरच अवलंबून राहावे लागले. १९८५ साली डेन्मार्कच्या नोवो कंपनीने पहिले पेन बाजारात आणले. शाईच्या पेनात कांडी असते तशी या पेनात इन्सुलिनची काचेची कांडी, म्हणजे कार्ट्रिज, असते. मागचे बटण फिरवून मात्रेचा आकडा लावायचा आणि बटण दाबायचे. काही पेनांत कार्ट्रिज बदलता येते, तर काही पेने भरलेलीच मिळतात व संपल्यावर टाकून द्यावी लागतात. एका कंपनीचे कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनात घालू नये.

येथे एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. आपल्या देशात सिरिंजने घेण्याच्या कुपीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र एका मिलिलिटरला १०० युनिट असतात. काही नव्या पेनांत तर २०० किंवा ३०० युनिट असतात. पेन बिघडले म्हणून कोणी १०० युनिटांच्या कार्ट्रिजमधील औषध ४० युनिटांच्या सिरिंजने ओढून घेतले आणि २० च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५० युनिट शरीरात जातील. म्हणजे अडीच पट मात्रा! हे जिवावर बेतू शकते. पेन बिघडल्यास ते औषधविक्रेत्याकडून किंवा डॉक्टरांकडून बदलून घ्यावे, परंतु कार्ट्रिजला सिरिंज लावू नये.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. हात साबणाने धुवावेत. पेनवरील नाव वाचावे, कारण घरात दोन प्रकारचे इन्सुलिन असेल तर सकाळच्या घाईत गफलत होते. इन्सुलिन दुधाळ असेल तर ते तळाशी बसलेले असते; म्हणून पेन दोन्ही तळव्यांत दहा वेळा हलकेच घोळवावे आणि दहा वेळा खालीवर करावे. सर्वत्र सारखा पांढरा रंग येईपर्यंत हे करावे, मात्र जोराने हिसकू नये. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन घोळवावे लागत नाही; उलट ते गढूळ दिसले तर वापरूच नये.

नंतर नवीन सुई बसवावी, २ युनिटांचा आकडा लावावा (काही पेनांना ३ लागतात), सुईचे टोक वर धरून बटण दाबावे व टोकावर थेंब आलेला पाहावा. थेंब दिसला नाही तर पुन्हा करावे. "औषध फुकट जाते" म्हणून बरेच जण ही पायरी गाळतात. ही काटकसर महागात पडते, कारण सुईत किंवा कार्ट्रिजमध्ये हवा असल्यास आकडा २० चा लावला तरी २० युनिट मिळतीलच याची खात्री राहत नाही.

टोचण्यासाठी पोट (बेंबीभोवतीची दोन बोटे जागा सोडून), मांडीचा वरचा बाहेरील भाग, दंडाची मागील बाजू किंवा कुल्ला यांची निवड करावी. सुई सरळ टोचावी. प्रौढांना, मग ते कितीही स्थूल असोत, ४ मिलिमीटरची आखूड सुई पुरते. बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच काढू नये. मनात सावकाश दहा अंक मोजावेत. घाईने काढल्यास औषधाचा काही भाग त्वचेवर ओघळतो. शेवटी सुई काढून पेनला टोपण लावावे. सुई पेनलाच ठेवल्यास औषध गळते व आत हवा शिरते.

एकच सुई आठ-दहा दिवस वापरण्याची सवय घरोघरी आढळते. सुयांचा खर्च परवडत नाही हे कारण खरे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तथापि वापरलेल्या सुईचे टोक बोथट होते, आणि तीच सुई त्याच त्या जागी टोचत राहिल्यास त्वचेखाली गाठी धरतात. गाठीच्या जागी दुखत नाही, म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते. पण तेथून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषले जाते. साखर वर-खाली होण्याचे हे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. दर खेपेस किमान एक बोट अंतर सोडून टोचावे. गाठी आढळल्यास डॉक्टरांना दाखवाव्यात. गाठीची जागा सोडून चांगल्या जागी टोचू लागल्यावर जुनीच मात्रा जास्त होऊ शकते, म्हणून हा बदल त्यांच्या सल्ल्यानेच करावा.

पती-पत्नी दोघांनाही मधुमेह असला तरी पेन एकच वापरू नये. सुई बदलली तरीही नाही. टोचताना रक्ताचा अंश उलट कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतो व त्यातून काविळीसारख्या रोगांचा संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली अशा पेनांवर 'एकाच रुग्णासाठी' ही सूचना छापणे बंधनकारक केले, ते याच कारणास्तव.

न उघडलेली कार्ट्रिजे फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावीत, परंतु बर्फाच्या कप्प्यात वा त्याला चिकटून नव्हे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेले पेन घरातील थंड जागी राहू शकते व बहुतेक प्रकार सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. एप्रिल-मेच्या उष्म्यात, वीज गेलेल्या घरात, मातीच्या ओल्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवलेले इन्सुलिन बऱ्यापैकी सुरक्षित राहते. विमानाने जाताना ते हातातील पिशवीतच न्यावे.

प्रायश्चित्तकाळात प्रश्न उभा राहतो तो उपवासाचा. सकाळी इन्सुलिन टोचून, "मिस्सा झाल्यावर न्याहारी करू" असे म्हणत रिकाम्या पोटी येणारे भाविक कमी नाहीत. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक लांबते, प्रवचन लांबते आणि इन्सुलिन तर आपले काम करीतच असते. मग घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ. शेजारच्यांना वाटते, उकाड्याने भोवळ आली. साखर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणे आहेत. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्वरित द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा कायदा आपल्यापेक्षा दयाळू आहे. उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंतच लागू असते, आणि आजारी व्यक्तींना त्यातून मोकळीक आहे. कम्युनियनपूर्वीच्या एक तासाच्या उपवासातही पाणी व औषध चालते. एवढेच नव्हे, तर कायदेसंहितेच्या ९१९ व्या कलमानुसार वयोवृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतात. तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी, गरज पडल्यास ती मिस्सा चालू असतानाच निःसंकोच तोंडात टाकावी. तरीही उपवास करण्याची इच्छा असेल तर राखेच्या बुधवारापूर्वीच डॉक्टरांना भेटून त्या दिवसाची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

वापरलेल्या सुया कचऱ्यात उघड्या टाकू नयेत. सफाई करणाऱ्या भगिनींच्या हातात त्या रुततात. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत त्या साठवाव्यात आणि भरल्यावर, बरणी बंद करून, जवळच्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात द्याव्यात.